वापर सुटला की तण: ब्रॅकन नेच्याच्या इतिहासाला प्रस्तावना

अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर रानोमाळ वाढणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत. ब्रॅकन हा नेचा त्यांपैकी एक. स्कॉटलंडचे डोंगर, फिनलंडची पाइनची जंगले, पूर्व आफ्रिकेतली उंच पठारे, मेक्सिकोतली जाळून सोडून दिलेली शेते, न्यूझीलंडच्या टेकड्या, हिमालयाचे मधल्या उंचीवरचे उतार आणि आपले महाबळेश्वर, अशा एकमेकांशी काडीचे साम्य नसलेल्या ठिकाणी तो सुखाने नांदतो. एवढा पसारा असूनही त्याच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक तक्रारीच्या सुरात. मेंढपाळाच्या लेखी तो कुरण गिळणारे तण, पशुवैद्याच्या लेखी विष, वनाधिकाऱ्याच्या लेखी रोपांची वाढ रोखणारा अडथळा. या तक्रारी खोट्या नाहीत आणि हे पुस्तक त्या खोडून काढायला निघालेले नाही. मात्र देशोदेशीच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट नजरेत भरते. ब्रॅकन उपद्रवी ठरला त्या बहुतेक जागी माणसाने त्या जमिनीवरचा आपला रिवाज त्याआधी बदललेला होता. कुठे जंगल जाळले होते, कुठे गुरे काढून मेंढ्या आणल्या होत्या, कुठे शतकानुशतके होणारी कापणी थांबली होती. म्हणून ब्रॅकनचा इतिहास एका वनस्पतीच्या आक्रमणाचा इतिहास म्हणून न वाचता जमिनीच्या वापराचा इतिहास म्हणून वाचावा, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ते का मांडले आणि त्यावर कोणते आक्षेप येऊ शकतात, याचा विचार या प्रस्तावनेत केला आहे.

आधी वनस्पतीची नीट ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्या शरीररचनेवर उभा आहे. नेचा म्हटले की ओलसर कपारीतला, सावलीतला, नाजूक झुबका आपल्या डोळ्यांपुढे येतो. ब्रॅकन तसा नाही. तो उघड्यावर, उन्हात, आम्लधर्मी निकस मातीत वाढतो, आणि त्याची पाने झुबक्याने न येता जमिनीतून एकेकटी, अंतराअंतराने वर येतात. वसंतात किंवा पावसाच्या तोंडावर आधी दिसतो तो टोकाशी आत वळलेला, तपकिरी लव असलेला कोंब. तो उलगडत जातो तसा ताठ देठावर तीन बाजूंनी पसरलेला, तीनदा विभागलेला त्रिकोणी पर्णविस्तार तयार होतो. पान माणसाच्या कंबरेइतके होते, चांगल्या जागी डोक्याच्याही वर जाते. कोवळ्या पानात, उपपाने फुटतात त्या सांध्याशी गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्यांवर मुंग्या येतात. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७० च्या दशकात या ग्रंथींचा अभ्यास केला होता. फूल नसलेल्या वनस्पतीत असा रस सापडावा, हे तेव्हाच्या अभ्यासकांना चकित करणारे होते. पण हे सगळे झाले जमिनीवरचे. खरा ब्रॅकन जमिनीखाली असतो. त्याचे काळे, फांद्या फुटलेले आडवे खोड मातीत दूरवर पसरते. त्याच्या खोलवरच्या लांब शाखा पिष्टाची साठवण करतात आणि वरच्या आखूड शाखांमधून पाने निघतात. वर दिसणारे पान हे या ठेवीवरचे वर्षाचे व्याज आहे. ते कापले, चरले किंवा जाळले तरी मुद्दल शाबूत राहते आणि पुढच्या हंगामात नवे पान उभे राहते.

भूमिगत खोडाने ब्रॅकन एकदा धरलेली जागा सोडत नाही, पण नव्या जागी तो पोचतो बीजाणूंच्या जोरावर. एका सुपीक पानावर ३० कोटींपर्यंत बीजाणू तयार होऊ शकतात, असा अंदाज वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत नेहमी दिला जातो. धुळीहून बारीक असलेले हे कण वाऱ्यावर समुद्रही ओलांडतात. तरीही उभ्या गवताळ रानात ब्रॅकनचे बीजाणू रुजून नवे रोप झालेले क्वचितच दिसते. बीजाणूतून आधी उगवतो तो नखाएवढा, हिरवा, पातळ पापुद्रा. त्याला उघडी, ओलसर, स्पर्धा नसलेली माती लागते आणि आम्लता कमी असलेली जमीन मानवते. अशी जमीन निसर्गात आयती मिळण्याची हमखास जागा म्हणजे नुकतीच जळालेली भूमी. तिथे सावली धरणारे कोणी उरलेले नसते, मातीतली बुरशी आणि प्रतिस्पर्धी बिया जळून गेलेल्या असतात आणि राखेने आम्लता उतरलेली असते. फिनलंडचे वनशास्त्रज्ञ एइनो ओइनोनेन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले काम इथे फार महत्त्वाचे आहे. फिनलंडच्या जंगलात ब्रॅकनची एकेका बीजाणूपासून वाढत गेलेली मोठमोठी वर्तुळे आहेत. वाढीचा वार्षिक वेग मोजून त्यांनी या वर्तुळांची वये काढली. काही वसाहतींचे वय हजार वर्षांच्या पुढे गेले. त्याहून विलक्षण बाब अशी की या वयांची सांगड त्यांना जुन्या आगींशी आणि त्या प्रदेशात झालेल्या युद्धांतल्या जाळपोळीशी घालता आली. ज्या पिढीत गावे आणि राने पेटली, त्या पिढीची नोंद ब्रॅकनने जमिनीत करून ठेवली होती.

फिनलंडचा हा पुरावा एकाकी नाही. वायव्य युरोपातल्या तळ्यांच्या गाळात आणि पीटच्या थरांत परागकण व बीजाणू हजारो वर्षे टिकून राहतात. त्यांचे थर मोजत डेन्मार्कचे योहानेस इव्हर्सेन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की पहिल्या शेतकऱ्यांनी जंगल साफ केल्याची खूण या गाळात वाचता येते. झाडांचे परागकण घटतात आणि कुरणातल्या व शेतातल्या वनस्पतींचे वाढतात. पुढे ब्रिटनसह अनेक ठिकाणी झालेल्या अशाच अभ्यासांत या बदलाबरोबर ब्रॅकनचे बीजाणूही वाढलेले आढळले. सर्वांत स्पष्ट चित्र मात्र न्यूझीलंडचे आहे, कारण तिथे माणूस फार उशिरा, तेराव्या शतकाच्या सुमारास पोचला. माओरी लोक येण्याआधीच्या थरांत ब्रॅकनचे बीजाणू तुरळक आहेत. ते आल्यानंतरच्या थरांत कोळशाचे कण एकाएकी वाढतात, जंगली वृक्षांचे परागकण कोसळतात आणि ब्रॅकनचे बीजाणू उसळी घेतात. वनस्पती तिथलीच होती, तिला मोकळी जागा करून देणारी आग माणसाने आणली. ती आग नुसती विध्वंसक नव्हती. माओरींनी ब्रॅकनचे भूमिगत खोड आपल्या आहाराचा एक आधार बनवले. ते त्याला ‘अरुहे’ म्हणतात. भुसभुशीत मातीतली जाड खोडे निवडून खणायची, वाळवून साठवायची, निखाऱ्यावर भाजून लाकडी किंवा दगडी बडवण्याने कुटायची आणि पिष्ट चघळून धागे थुंकून टाकायचे, अशी त्यांची रीत होती. चांगल्या जागा राखून ठरावीक काळाने जाळल्या जात. माओरी परंपरेत रानच्या अन्नाचा देव हाउमिया-टिकेटिके याचा अरुहेशी थेट संबंध आहे. ज्या वनस्पतीच्या पाठीशी स्वतंत्र देव उभा आहे, तिला त्या समाजात कोणी तण म्हणत नव्हते.

आता पुढचा टप्पा पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजांबरोबर बटाटा न्यूझीलंडला आला आणि अरुहे खणण्याचे कष्टाचे काम मागे पडू लागले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकऱ्यांनी त्याच जमिनी मेंढपाळीसाठी घेतल्या, आणि माओरींचे हे अन्नक्षेत्र वसाहतकऱ्यांच्या हिशेबात शत्रू ठरले. ब्रॅकन जाळायचा आणि कोवळे कोंब वर येताच मेंढ्यांचे दाट कळप सोडून ते तुडवायचे, चरवायचे, ही तिथल्या मेंढपाळीतली नित्याची गोष्ट झाली. हर्बर्ट गथ्री-स्मिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टुटिरा’ या ग्रंथात आपल्या मेंढपाळीच्या जमिनीवरच्या या लढ्याची सविस्तर हकिगत दिली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत वनस्पती बदलली नाही, माती बदलली नाही, पाऊसही तोच होता. जमिनीकडून काय हवे, ते तेवढे बदलले होते.

युरोपात हाच प्रवास अधिक संथपणे झाला आणि म्हणून तो अधिक बारकाईने पाहता येतो. इंग्लंडच्या उत्तर सीमेवर विन्डोलँडा येथे रोमन सैन्याचा तळ होता. तिथल्या लाकडी इमारतींच्या जमिनींवर ब्रॅकन आणि गवताच्या पेंढ्याचे थर अंथरलेले सापडले. १९७३ पासून प्रसिद्धीला आलेल्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पत्रांचे जतन ज्या ओल्या थरांत झाले, त्यांत ब्रॅकनचा मोठा वाटा आहे. मध्ययुगात आणि त्यानंतर त्याचे उपयोग वाढतच गेले. गोठ्यात जनावरांखाली पसरायला, घर शाकारायला, विटांच्या आणि चुन्याच्या भट्ट्या पेटवायला, फळे-बटाटे साठवताना मधे घालायला ब्रॅकन लागे. हिरवा कापून जाळला की त्याच्या राखेत पोटॅश भरपूर मिळे, आणि ती राख काच वितळवण्याच्या व साबण करण्याच्या कामी येई. शेणमुताने भिजलेले गोठ्यातले अंथरण पुढे शेतात खत म्हणून जाई. सह्याद्रीच्या पट्ट्यात भातशेतीसाठी पालापाचोळा आणि गोवऱ्या पसरून राब भाजणाऱ्या शेतकऱ्यांना हे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही. रानाची सुपीकता कापून, वाहून शेतात आणायची, ही दोन्हीकडची एकच युक्ती. रानातला जिन्नस कामाचा असला की त्यावर हक्क आणि नियम येतात. कोणी, कधीपासून, किती कापायचे, हे ठिकठिकाणच्या गावरिवाजांनी बांधून दिलेले होते.

या हक्कांची किंमत किती होती हे ससेक्समधल्या ॲशडाउन फॉरेस्टच्या खटल्यावरून कळते. १८७७ च्या ऑक्टोबरात जॉन माइल्स नावाचा माणूस एका हक्कदारासाठी तिथल्या सामाईक रानात गोठ्याचे अंथरण, म्हणजे ब्रॅकन आणि हेदरची झुडपे, कापत होता. तिथला जमीनदार अर्ल डी ला वॉर याने त्याला हरकत घेतली. सामाईक रानात गुरे चारण्याचा हक्क असेल, पण हाताने कापून न्यायचा नाही, असे त्याचे म्हणणे. प्रकरण कोर्टात गेले. हक्कदारांच्या बाजूने वृद्ध रहिवाशांच्या जबान्या गोळा करण्यात आल्या. आपण, आपले वडील, आपले आजे या रानात काय कापत होतो, केव्हा कापत होतो, किती गाड्या भरून नेत होतो, हे त्यांनी सांगितले. १८८१ मध्ये अपील न्यायालयाने दीर्घ वहिवाटीच्या आधारे कापणीचा हक्क मान्य केला. पुढे शंभर वर्षांच्या आत ज्याचा नायनाट कसा करावा यावर समित्या बसल्या, त्याच नेच्यासाठी शेतकरी उच्च न्यायालयांपर्यंत भांडले होते.

मग हा नेचा नको कसा झाला? त्याला एकच कारण नाही, पण कारणे एकाच दिशेने काम करत होती. १८६० च्या दशकात जर्मनीत श्टासफुर्टच्या खाणींतून पोटॅश निघू लागले आणि राखेची गरज संपली. कोळसा रेल्वेने सगळीकडे पोचला, भट्ट्यांना रानातले जळण लागेना. कौले आणि पन्हळी पत्रे आले. गावातली माणसे शहरांकडे गेली, आणि कापणीचे काम तर सगळे हातांचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुळे हुसकावून मोठ्या मेंढपाळी उभ्या राहिल्या. तिथे पूर्वी गाई-बैल चरत. जड जनावर कोवळे कोंब तुडवून मोडते, मेंढी मात्र हलक्या पायाची आणि चोखंदळ असते. ती ब्रॅकनभोवतीचे गवत चरते आणि ब्रॅकन सोडते, म्हणजे नकळत त्याची खुरपणीच करते. कापणी थांबली, तुडवण थांबली, शेजारच्या गवताची स्पर्धा कमी झाली. जमिनीखालची ठेव दरवर्षी वाढू लागली. विसाव्या शतकात ब्रिटनचे शेतकरी ब्रॅकनच्या ‘आक्रमणा’बद्दल बोलू लागले ते या पार्श्वभूमीवर.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे वनस्पतीच्या अंगभूत बळाकडे डोळेझाक करणारे आहे. ब्रॅकन माणसाच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर आहे, जगभर तो स्वतःच्या बीजाणूंनी पोचला, मग त्याच्या पसाऱ्याचे खापर माणसावर का? आक्षेपाचा पहिला भाग मान्यच केला पाहिजे. ब्रॅकन सर्वत्र मूळचाच आहे. आपल्याकडे घाणेरी किंवा रानमोडी जशी बाहेरून आली, तसा तो कुठे बाहेरून आणलेला नाही, आणि माणूस नसतानाही वीज पडून लागलेल्या आगींत, दरडींवर, मोडून पडलेल्या झाडांच्या मोकळ्या जागेत तो होताच. पण ‘असणे’ आणि ‘सगळे व्यापणे’ यांत फरक आहे. दाट झाडीच्या सावलीत ब्रॅकन विरळ होतो, उशिराचे दव-हिम कोवळी पाने करपवते, पाणथळ मातीत त्याचे खोड कुजते. केंब्रिजचे ॲलेक्झांडर वॉट यांनी पूर्व इंग्लंडमधल्या ब्रॅकनच्या रानांचा अनेक दशके पाठपुरावा केला. १९४७ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की ब्रॅकनची वसाहतही अखंड जोमात राहत नाही. पुढे सरकणारी कड जोमदार असते, तर मागचा भाग स्वतःच्याच पाचोळ्याखाली खंगतो, विरळ होतो आणि तिथे इतर वनस्पतींना जागा मिळते. म्हणजे बळ आहे, पण ते मर्यादित आणि परिस्थितीवर अवलंबून असलेले बळ आहे. परिस्थिती कोण बदलतो, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणे बेजबाबदारपणाचे होईल. ब्रॅकन विषारी आहे. त्यात थायामिनेज हे विकर असते. ते शरीरातले जीवनसत्त्व बी-१ नष्ट करते, आणि ब्रॅकन खाल्लेला घोडा झोकांड्या खाऊ लागतो. गाई-बैलांच्या कोठीपोटातले जिवाणू हे जीवनसत्त्व तयार करत असल्याने ते या आजारातून वाचतात, पण त्यांच्यावर दुसरे संकट येते. अस्थिमज्जा निकामी होऊन रक्तस्राव होतो, आणि थोडा थोडा ब्रॅकन वर्षानुवर्षे पोटात गेला तर मूत्राशयात गाठी होऊन लघवीवाटे रक्त जाते. १९६५ मध्ये वेल्समधल्या संशोधकांनी ब्रॅकन खाऊ घातलेल्या उंदरांत कर्करोग होतो हे दाखवले. १९८३ मध्ये जपानी आणि डच संशोधकांच्या गटांनी स्वतंत्रपणे त्यामागचे मुख्य रसायन वेगळे केले. त्याला टाक्विलोसाइड म्हणतात. हे द्रव्य ब्रॅकन खाणाऱ्या गाईच्या दुधात उतरते, हेही पुढे व्हेनेझुएलातील संशोधनातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये ब्रॅकनला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला’ या गटात ठेवले. जपानमध्ये कोवळे कोंब ‘वाराबी’ म्हणून आणि कोरियात ‘गोसारी’ म्हणून आवडीने खाल्ले जातात, पण तिथली पारंपरिक कृतीच राख किंवा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ते भिजवून ते पाणी फेकून देण्याची आहे. या प्रक्रियेने विष खूप घटते, संपूर्ण जाईलच असे नाही. त्यामुळे ब्रॅकन खावा असे हे पुस्तक कुठेही सुचवत नाही. हिमालयात भाजी म्हणून विकला जाणारा लिंगुडा हा वेगळा नेचा आहे. दोहोंचे कोंब गुंडाळलेलेच असल्याने गल्लत होऊ शकते, म्हणून हे इथेच स्पष्ट सांगितलेले बरे.

पण विषाचा मुद्दा मूळ युक्तिवाद मोडतो का? विष वनस्पतीत आहे, आजार मात्र वापराच्या पद्धतीतून येतो. चांगले गवत असताना जनावर ब्रॅकनला सहसा तोंड लावत नाही. दुष्काळात, चराई अति झालेल्या उतारांवर, जिथे वनीकरणाने किंवा कुंपणांनी कुरणे आकसली तिथे, ते नाइलाजाने खाते. कुमाऊँ, दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगरांत गुरांच्या लाल लघवीच्या आजाराच्या नोंदी आहेत, आणि त्या भागांत ब्रॅकनचे वाढते आच्छादन व घटते कुरण एकमेकांशेजारी दिसतात. तिथला पशुपालक ब्रॅकनचे गोठ्यातले अंथरण करून त्याचे खत करतो, तेव्हा तोच नेचा त्याला उपयोगी पडतो. गाईपुढे दुसरे काही नसल्याने ती तो खाते, तेव्हा तोच तिचा जीव घेतो. विषाची जाणीव असलेला जुना वापर आणि पर्याय नसल्यामुळे होणारा आजचा संपर्क, यांतला फरक ओळखला नाही तर उपाय भलत्याच ठिकाणी शोधले जातील. गुराला विष होते म्हणून ब्रॅकन मुळासकट उपटणे हा एक मार्ग. गुराला पोटभर चांगला चारा मिळेल असे कुरण राखणे हा दुसरा. पहिला मार्ग वारंवार फसला आहे.

तो कसा फसला, हा तिसऱ्या आक्षेपाचा विषय आहे. कोणी म्हणेल, इतिहास काहीही असो, आज तण आहे तर मारून टाकावे. या मताची कसोटी घेतली गेली आहे. पूर्व इंग्लंडमधल्या केव्हनहॅम हीथवर ब्रॅकनच्या नियंत्रणाचा प्रयोग १९७८ पासून १८ वर्षे चालला. काही पट्ट्यांत वर्षातून एकदा, काहींत दोनदा कापणी केली, काहींत तणनाशक वापरले. दोनदा कापलेल्या पट्ट्यांत ब्रॅकन खूपच दुबळा झाला, पण समूळ गेला नाही, आणि सहा वर्षांनंतर नियंत्रण थांबवलेल्या पट्ट्यांत तो पुन्हा वर आला. ॲसुलॅम हे ब्रॅकनवरचे मुख्य तणनाशक होते. त्याची मान्यता युरोपीय संघाने २०११ मध्ये काढून घेतली, आणि ब्रिटनमध्ये त्यानंतर अनेक वर्षे ते दरसाल तात्पुरत्या परवानगीने वापरले गेले. मुळात फवारणी ही एका वर्षाची घटना आणि ब्रॅकन हा शतकांचा रहिवासी. शिवाय तो गेला की त्याच्या आश्रयाने जगणारे काही जीवही जातात. ब्रिटनमधले अतिशय दुर्मीळ झालेले हाय ब्राउन फ्रिटिलरी हे फुलपाखरू, गुरांनी मोडलेल्या विरळ ब्रॅकनच्या उबदार पाचोळ्यात, तिथे वाढणाऱ्या व्हायोलेटच्या रोपांजवळ अंडी घालते. त्याला ब्रॅकन हवा, पण वापरातला ब्रॅकन हवा. मेक्सिकोतला लाकांदोन माया शेतकऱ्यांचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे जाळून कसलेल्या आणि मग सोडलेल्या जमिनीवर ब्रॅकन इतका दाट होतो की जंगल परत येणे थांबते. हे शेतकरी अशा जागी वेगाने वाढणाऱ्या बाल्सा वृक्षाची लागवड करतात. सुरुवातीला ब्रॅकन कापावा लागतो, नंतर बाल्साची सावली काम करते. नुसते मारण्याऐवजी त्या जमिनीला नवे काम देणे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे.

शेवटचा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येईल. जगभरचा ब्रॅकन ही एकच जाती आहे का, आणि नसेल तर फिनलंड, न्यूझीलंड आणि मेक्सिकोतली उदाहरणे एका सूत्रात कशी ओवायची? १९४१ मध्ये रोला ट्रायन यांनी सगळा ब्रॅकन एकच जाती मानून तिचे दोन उपजातींत आणि बारा वाणांत वर्गीकरण केले. पुढे गुणसूत्रे आणि डीएनए यांच्या अभ्यासाने चित्र बदलले. २००९ मधल्या हरितलवकांच्या जागतिक अभ्यासाने मुख्यतः उत्तर गोलार्ध व आफ्रिकेतला एक आणि दक्षिणेकडचा एक असे दोन मोठे गट दाखवले. न्यूझीलंडचा ब्रॅकन दुसऱ्या गटात येतो, आणि अमेरिकेच्या उष्ण भागातले काही प्रकार या दोन गटांच्या संकरातून आलेले दिसतात. या पुस्तकात जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे. युक्तिवादाला मात्र या विभागणीने धक्का लागत नाही, उलट बळकटीच येते. दोन वेगळ्या वंशरेषा, दोन वेगळे गोलार्ध, एकमेकांपासून दूर वाढलेले समाज, आणि तरीही कथा तीच: आग, मोकळी जमीन, वापर, वापराचा अंत, उपद्रव. एका जातीच्या स्वभावाने हे साम्य उलगडत नाही.

मराठी वाचकासाठी या विषयाचे मोल काय? महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात, झाडी तुटून मोकळ्या झालेल्या कडांवर आणि उतारांवर ब्रॅकन उभा असतो, आणि पर्यटक त्याला शोभेचा नेचा समजून पुढे जातात. सह्याद्रीच्या वनस्पतींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण त्यात फुलांना आणि औषधींना मान, नेच्यांना एखादे पान. त्यात नेचे म्हणजे आदिम काळाचे अवशेष, असा एक समज रूढ आहे. तोही दुरुस्त करण्याजोगा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने दाखवले की आजच्या बहुसंख्य नेच्यांची विविधता सपुष्प वृक्षांची जंगले पसरल्यानंतर, त्यांच्या सावलीत फुलली. ब्रॅकन तर त्याही पुढे गेला आणि त्याने माणसाने उघडी केलेली जमीन आपलीशी केली. आपल्या पठारांवर कुठे तो वाढतो आहे, कुठे घटतो आहे, आणि तिथे आधी काय होते, चराई, वणवे, लाकूडतोड की सोडलेली शेती, हे प्रश्न विचारायला लागलो तर एका नेच्यावरून त्या डोंगराची गेल्या दोन-तीन शतकांची हकिगत हाती लागू शकते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने रचली आहेत. पहिल्या भागात वनस्पतीचे शरीर, बीजाणू आणि विष यांची माहिती आहे. दुसऱ्या भागात आग आणि पहिली शेती, तिसऱ्यात वापराचे युग आणि त्याचे कायदे, चौथ्यात तो वापर संपल्यानंतरची दीडशे वर्षे, आणि अखेरच्या भागात आजचे उपाय व त्यांचे यशापयश. वाचकाने प्रत्येक प्रकरण वाचताना एकच प्रश्न मनाशी धरावा: इथे वनस्पती बदलली की माणसाचा जमिनीशी असलेला संबंध? उत्तर दुसरे असेल, आणि या पुस्तकातला पुरावा वारंवार तेच सांगतो, तर तणाविरुद्धच्या मोहिमा आखण्याआधी आपण त्या जमिनीकडून काय काम घेणार आहोत आणि ते कोण करणार आहे, हे ठरवावे लागेल. ते न ठरवता केलेली कापणी आणि फवारणी काही वर्षांत वाया जाते. ते ठरवले तर ब्रॅकन कुठे अंथरण होईल, कुठे फुलपाखरांचा आसरा राहील, कुठे झाडांच्या सावलीत मागे सरेल. यांपैकी काय व्हावे हे ठरवण्याची जबाबदारी नेच्याची नाही. ती आपली आहे, आणि ती घेण्यासाठी लागणारी माहिती मराठीत एकत्र असावी म्हणून हे पुस्तक.